कुत्र्यासोबत जंगलातील भटकंती: नाकाला मोकळीक, हाकेची शिस्त

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: कुत्रा दोन वर्षांचा, मध्यम आकाराचा आणि मिश्र जातीचा आहे, वस्तीतल्या रस्त्यावर तो शेजारून नीट चालतो, मात्र जंगलाच्या वाटेला लागताच पट्टा ओढू लागतो, हाक मारली तरी वळून पाहत नाही, आणि दोन तास भराभर चालवून घरी आणल्यावरही शांत होण्याऐवजी अधिकच सैरभैर असतो. त्याला मोकळे सोडले तर हे सारे सुटेल का, आणि सोबत कोणती काळजी घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे. कुत्र्यांना आणि त्यांच्या माणसांना एकत्र चालायला शिकवणे हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे उत्तर लांबणार आहे. म्हणून त्याचा गाभा आधीच सांगून ठेवते. जंगलात कुत्र्याला अंतर कापण्यात फारसा रस नसतो, त्याला हुंगायचे असते. फेरीचा वेग त्याच्या नाकावर सोपवा आणि फेरीची हद्द स्वतःच्या हातात ठेवा. ओढणे, न ऐकणे आणि घरी परतल्यावरची अस्वस्थता या तिन्ही तक्रारी एकत्रच कमी होऊ लागतात.

माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात. कुत्र्यामध्ये ही संख्या जातीनुसार ३० कोटींपर्यंत जाते. शिवाय त्याच्या नाकाची घडणच निराळी आहे. हुंगताना हवा नाकपुडीच्या समोरून आत जाते आणि उच्छ्वास नाकपुडीच्या कडेच्या चिरेतून बाजूने मागे निघतो, त्यामुळे बाहेर पडणारी हवा समोरचा वास उधळून लावत नाही. सेकंदाला पाच-सहा वेळा ही ये-जा चालू असते. गवताच्या एखाद्या पात्यापाशी थांबलेल्या कुत्र्याकडे जवळून, वाकून पाहा. तोंड मिटलेले असते, मिशा पुढे आलेल्या असतात, नाकपुड्या थरथरत असतात. तो पात्याच्या बुडापासून शेंड्यापर्यंत जातो, मध्येच एका जागी अडतो, मान किंचित तिरकी करून तेवढीच जागा पुन्हा हुंगतो आणि मग जीभ एकदा नाकावरून फिरवतो. इथून कोण गेले, किती वेळापूर्वी गेले, कोणत्या दिशेला गेले, याचा उलगडा तो करत असतो. नेमक्या त्याच क्षणी आपण ‘चल रे’ म्हणत पट्टा खेचतो आणि अर्धवट राहिलेले काम पुरे करण्यासाठी तो पुढच्या झुडपाकडे झेपावतो. जंगलात पट्टा ओढणाऱ्या कुत्र्यांपैकी बहुतेकांच्या ओढण्याचे मूळ मला इथे सापडले आहे.

‘दमवला की शांत होतो’ हा समज फार पसरलेला आहे आणि त्यानेच तुमच्यासारख्या कष्टाळू माणसांची सर्वाधिक निराशा होते. शरीर थकणे आणि मन निवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन तास ओढाताण करत, प्रत्येक वासापासून हटवला जात आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीने उत्तेजित होत चाललेला कुत्रा थकतो खरा, पण त्याच्या शरीरातील ताणाची पातळी चढलेलीच राहते आणि घरी तो येरझाऱ्या घालत बसतो. शार्लोट द्युरांतों आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात काही पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे वासाने खाऊ शोधण्याचा रोजचा सराव दिला, तर काहींना मालकाच्या पायालगत चालण्याचा. नंतरच्या चाचणीत, खाऊ असेल की नसेल याचा अंदाज येणार नाही अशा जागी ठेवलेल्या भांड्याकडे हुंगण्याचा सराव झालेले कुत्रे आधीपेक्षा लवकर गेले. म्हणजे त्यांची अपेक्षा अधिक आशावादी झाली होती. पायालगत चालणाऱ्यांमध्ये असा बदल दिसला नाही. मनाजोगते हुंगू दिलेला कुत्रा चाळीस मिनिटांच्या फेरीनंतर घरी येऊन पाणी पितो, एक मोठा उसासा टाकतो आणि आडवा होतो, हे मी सातत्याने पाहत आले आहे.

म्हणून पहिल्या काही फेऱ्यांत कुठे पोहोचायचे हा विचारच बाजूला ठेवा. जंगलाच्या कडेला, वर्दळ नसलेली एक छोटी जागा निवडा. पोहोचल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे जागचे फारसे हलू नका; कुत्रा भोवताल हुंगून घेईल, अंग एकदा खडखडून झटकेल आणि त्याची पहिली घाई ओसरेल. त्यानंतर तो जिकडे नाक नेईल तिकडे, त्याच्या वेगाने, वाट न सोडता चाला. अर्ध्या तासात तीनशे मीटरच झाले तरी ती चांगली फेरी समजावी.

यासाठी साधने योग्य हवीत. नेहमीचा दीड मीटरचा पट्टा जंगलात अपुरा पडतो आणि गळपट्ट्याला लावलेला असला तर ओढताना मानेवर ताण येतो. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा, खांद्यांची हालचाल मोकळी ठेवणारा हार्नेस घ्या आणि त्याच्या पाठीवरच्या कडीला पाच ते दहा मीटर लांबीची सपाट दोरी लावा. प्लॅस्टिकचे आवरण असलेली, भडक रंगाची दोरी उत्तम, कारण ती पाणी शोषत नाही, काट्याकुट्यांत कमी अडकते आणि पाचोळ्यात उठून दिसते. ही लांब दोरी गळपट्ट्याला कधीही लावू नका. धावत सुटलेला कुत्रा दोरी संपताच गळ्यावर हिसका खातो आणि मानेला गंभीर इजा होऊ शकते. दोरी हाताभोवती गुंडाळण्याची सवयही मोडून काढा. ती सैल वेटोळ्यांत हातात धरावी, लागेल तशी सोडावी आणि परत घ्यावी. बटण दाबून आत-बाहेर होणारा दोरीचा डबा मी जंगलासाठी सुचवत नाही: त्याची बारीक दोरी झाडाला वेटोळे घालते, हातापायाला कापते, आणि डबा हातातून सुटला तर खडखडत मागे येणाऱ्या त्या वस्तूला घाबरून कुत्रा आणखी पळतो.

आता हाकेविषयी. मोकळे सोडावे की नाही याचे उत्तर पूर्णपणे यावर अवलंबून आहे. तुमचा कुत्रा हाक ऐकत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. बहुधा त्याला ती ऐकू येते, पण तिच्या मागे जाण्यात त्याचा तोटा आहे हे तो शिकलेला आहे. दिवसाकाठी त्याला कोणत्या वेळी बोलावले जाते ते आठवा. खेळ संपवायचा असतो तेव्हा, पट्टा अडकवायचा असतो तेव्हा, घरी निघायचे असते तेव्हा, किंवा तो काही नको ते खात असतो तेव्हा. म्हणजे येणे म्हणजे काहीतरी गमावणे. शिवाय त्याचे नाव आपण दिवसभरात इतक्या वेळा घेतो की त्या शब्दाला वजन उरत नाही. त्यामुळे परतीच्या हाकेसाठी एक नवा, वेगळा शब्द किंवा शिट्टी ठरवा आणि घरातील प्रत्येकाला तीच वापरायला सांगा.

सुरुवात घरातच करा. कुत्रा तुमच्याकडे पाहत असतानाच नवा शब्द उच्चारा आणि लगेच त्याला अत्यंत प्रिय असलेला खाऊ द्या. नेहमीच्या कोरड्या दाण्यांवर हे भागत नाही. काही दिवसांनी दुसऱ्या खोलीतून, मग अंगणातून, मग निवांत मोकळ्या जागेतून, आणि सर्वांत शेवटी लांब दोरीवर जंगलात हा क्रम ठेवा. खाऊ हात लांब करून देऊ नका. तो तुमच्या पायाशी, अंगाला चिकटून आल्यावरच मिळावा आणि देताना दुसऱ्या हाताने हार्नेसला स्पर्श करावा, म्हणजे पुढे कधी त्याला धरण्याची वेळ आली तर तो हुलकावणी देणार नाही. यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते सगळे यश तिच्यात आहे: खाऊ दिल्यावर त्याला ‘जा’ म्हणून पुन्हा त्याच वासाकडे जाऊ द्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलेले तत्त्व हेच सांगते की प्राण्याला जे करण्याची ओढ अधिक आहे, तेच कमी ओढीच्या वर्तनाचे बक्षीस म्हणून वापरता येते. हाकेला आल्याने वास हिरावला जात नाही, उलट वासाकडे परत जाण्याची परवानगी मिळते, हे कुत्र्याला एकदा कळले की तो वळताना दिसणारा फरक पाहून मन हरखून जाते.

हाक एकदाच द्या. चार-पाच वेळा ओरडल्याने पहिल्या चार हाका दुर्लक्ष करण्याजोग्या ठरतात. तो आला नाही तर दोरी हळूहळू आवरत त्याच्याजवळ जा, शांतपणे त्याला बरोबर घ्या आणि पुढच्या वेळी अंतर कमी ठेवा. उशिरा आलेल्या कुत्र्याला कधीही रागावू नका. आणि न बोलावता तो स्वतःहून वळून तुमच्याकडे पाहील तेव्हा, अगदी ओझरते पाहिले तरी, त्याचे कौतुक करून खाऊ द्या. या आपणहून वळून पाहण्याचे महत्त्व मी हाकेइतकेच मानते, कारण ज्या कुत्र्याला तुमचा ठावठिकाणा ठेवण्याची सवय लागते त्याला हाक मारण्याची वेळच कमी येते.

मोकळे सोडण्याची माझी कसोटी कठोर आहे. लांब दोरीवर असताना, ताज्या वासात नाक खुपसलेले असताना, पहिल्या हाकेला तो वळतो; हे एकाच ओळखीच्या जागी न होता निरनिराळ्या जागी, अनेक आठवडे घडते; तिथे कुत्रा मोकळा ठेवण्यास नियमाची आडकाठी नाही; आणि आसपास रस्ता, कडा, गुरे किंवा वन्यप्राणी नाहीत. यातली एक जरी अट पुरी होत नसेल तर दोरी राहू द्या. माग काढण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले हाउंड गटातील कुत्रे, हस्की, किंवा पाठलागाची तीव्र ओढ असलेले मिश्र जातीचे कुत्रे आयुष्यभर लांब दोरीवरच फिरले तरी त्यांच्या आनंदात काही उणे राहत नाही. दहा मीटरच्या दोरीने तुमच्याभोवती वीस मीटर व्यासाचे वर्तुळ तयार होते, आणि हुंगणाऱ्या कुत्र्याला ते पुष्कळ असते.

या कठोरपणाचे कारण तुमच्या कुत्र्याच्या सुरक्षिततेपुरते नाही. जंगल हे तिथे राहणाऱ्यांचे घर आहे आणि कुत्रा त्यांच्या दृष्टीने शिकारी आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या वनांत पीटर बँक्स आणि जेसिका ब्रायंट यांनी केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वाटेवरून कुत्रा नुसता चालवत नेला तरी तिथे आढळणाऱ्या पक्ष्यांच्या प्रजातींची विविधता ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी घटलेली आढळली. आणि हे सारे कुत्रे पट्ट्यावर होते. एखाद्या वाटेपासून वीस-तीस पावले आत शिरणारा मोकळा कुत्रा जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना अंड्यांवरून उठवतो, आणि उघडी पडलेली अंडी थंड होतात किंवा दुसऱ्याच्या तोंडी जातात. म्हणूनच विणीच्या हंगामात अनेक ठिकाणी नियम कडक होतात. इंग्लंडमध्ये खुल्या प्रवेशाच्या माळरानांवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा दोन मीटरपर्यंतच्या आखूड पट्ट्यावरच ठेवावा लागतो. अनेक राष्ट्रीय उद्यानांत आणि अभयारण्यांत कुत्र्यांना मुळीच प्रवेश नसतो. जिथे बंदी आहे तिथे न जाणे आणि जिथे परवानगी आहे तिथेही वाट न सोडणे, एवढे आपण सहज करू शकतो.

रोगांचे येणे-जाणे दोन्ही बाजूंनी चालते. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या गवताळ रानात श्वान-डिस्टेंपर या विषाणूने सुमारे एक हजार, म्हणजे तिथल्या जवळजवळ एक तृतीयांश सिंहांचा बळी घेतला. हा रोग कुत्र्यांना होणारा म्हणूनच ओळखला जातो. उलट दिशेने, जंगली प्राण्याच्या चाव्यातून रेबीज कुत्र्याला आणि त्याच्यामार्फत घरातल्या माणसांना होऊ शकतो. डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसी वेळच्या वेळी पूर्ण झाल्याखेरीज कुत्र्याला जंगलात नेऊ नका, आणि त्याची विष्ठा पिशवीत भरून परत आणा. ती ‘आपोआप कुजेल’ म्हणून सोडण्याजोगी गोष्ट नव्हे, तिच्यातून जंतांची अंडी पसरतात.

मोठ्या मांजर कुळातील शिकारी प्राणी जिथे आहेत, तिथे पहाट, तिन्हीसांजा आणि रात्र पूर्णपणे टाळा; बिबट्यासारख्या प्राण्याच्या भक्ष्यांत कुत्र्यांचा समावेश असतो. वाटेत चरणारी गुरे, विशेषतः वासरांसह गायी दिसल्या तर लांबून वळसा घाला. त्या कुत्र्यावर चालून आल्याच तर पट्टा हातातून सोडून द्या. कुत्रा तुमच्याहून वेगाने निसटू शकतो आणि गुरांचा रोख त्याच्यावर असतो; पट्टा धरून उभ्या राहिलेल्या माणसाला जीवघेण्या दुखापती झालेल्या आहेत.

इथवर निर्बंधच जास्त सांगितले. आता ज्या आनंदासाठी तुम्ही विचारले त्याकडे येते. जंगलात खेळ फार सुंदर जमतात. पाचोळ्याच्या एखाद्या स्वच्छ पट्ट्यावर मूठभर खाऊ विखरून द्या आणि त्याला शोधू द्या. नाक खाली जाते, श्वास लयीत येतो आणि उत्तेजित कुत्राही पाच मिनिटांत निवतो. समोरून दुसरा कुत्रा किंवा सायकलस्वार येताना दिसला की वाटेच्या कडेला होऊन हाच उपाय कामी येतो. पुढची पायरी म्हणून घरातल्या एकाने तुमचा हातमोजा घेऊन वीस पावले पुढे जावे, तो झाडाच्या बुंध्याशी ठेवावा, आणि त्या पावलांचा माग काढत कुत्र्याने मोजा शोधावा. आधी सरळ रेषेत, वाऱ्याची दिशा पाठीकडून असताना, म्हणजे कुत्रा हवेतला वास पकडण्याऐवजी जमिनीवरचा माग धरतो. मग एक वळण, मग दोन. या खेळात पहिल्यांदा जेव्हा कुत्रा वळण ओलांडून पुढे जातो, अडखळतो, डोके वर करतो, स्वतःहून मागे येऊन वळणाचा माग पुन्हा पकडतो आणि दोरी ताणून पुढे निघतो, तेव्हा मागे दोरी धरून चालणाऱ्या माणसाने तोंडातून शब्दही काढू नये. वाट त्याला माहीत आहे, आपल्याला नाही. विश्वास ठेवून मागे जाण्याचा हा अनुभव कुत्र्याशी असलेले नाते जितके पालटतो तितके आज्ञापालनाचे कोणतेही पाठ पालटत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

आडव्या पडलेल्या ओंडक्यावर पुढचे पाय टेकवणे, मग सगळे अंग वर घेणे, मग तोल सांभाळत चार पावले चालणे, यानेही कुत्र्याच्या शरीराला आणि आत्मविश्वासाला चांगले वळण लागते. ओंडका रुंद, पक्का आणि गुडघ्याहून खाली असावा, आणि उतरताना उडी न मारता सावकाश उतरवावे. तुमचा कुत्रा दोन वर्षांचा असल्याने त्याच्या हाडांची वाढ पुरी झालेली आहे. मात्र पिल्लांच्या बाबतीत, मोठ्या जातींत साधारण दीड वर्षापर्यंत, हाडांच्या टोकांची वाढ चालू असते, तोवर उड्या, खडी चढण आणि लांबचे पल्ले टाळावेत. वयस्क कुत्र्याला हेच खेळ सपाट जागी, छोट्या वेळात द्यावेत. नाक म्हातारपणीही उत्साहाने काम करते.

कुत्र्याला सर्वांत जास्त धोका उष्णतेचा असतो आणि तो माणसाच्या लक्षात सर्वांत उशिरा येतो. कुत्र्याला घाम जवळजवळ केवळ पंजांच्या गाद्यांतून येतो. शरीर थंड ठेवण्याचे खरे काम धापा टाकण्याने होते, आणि हवा दमट असली की तेही नीट होत नाही. त्याच्या शरीराचे सामान्य तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांच्या पुढे गेले की अवयवांना इजा होऊ लागते. चपट्या नाकाचे पग आणि बुलडॉग, लठ्ठ कुत्रे, जाड केसांचे कुत्रे आणि म्हातारे कुत्रे यांना हे फार लवकर होते. जिभेकडे लक्ष ठेवा: नेहमीच्या धापेत ती निमुळती असते, कुत्रा तापू लागला की तिचे टोक रुंद, चमच्यासारखे पसरते आणि कडा वर वळतात. तिथेच थांबायचे. सावली शोधणे, मागे रेंगाळणे, हुंगणे सोडून नुसते चालणे, हेही तसेच इशारे आहेत. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही, म्हणजे फेरीचा आनंदही तेव्हा संपलेलाच असतो. लाळ घट्ट होणे, हिरड्या लालभडक दिसणे, झोकांड्या जाणे किंवा उलटी होणे, ही उष्माघाताची चिन्हे. अशा वेळी आधी थंड करा, मग दवाखान्याकडे निघा. सावलीत नेऊन जवळ असेल ते पाणी पोटावर, काखेत, जांघेत, सगळ्या अंगावर ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. कुत्रा शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

उन्हात तापलेला खडक किंवा डांबर पंजे भाजू शकते. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसले नाही तर त्यालाही सोसणार नाही. पाणी स्वतःबरोबर न्यावे. विश्रांतीत असलेल्या कुत्र्याला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते, आणि चालताना ते बरेच वाढते. थोडे थोडे, वारंवार पाजावे. साचलेल्या डबक्यातले पाणी पिऊ देऊ नका. उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्यात येतात आणि हा रोग कुत्र्याकडून माणसालाही होतो. पाण्यावर हिरवा-निळा, रंगासारखा तवंग दिसला तर पोहूही देऊ नका. काही नील-हरित शैवालांचे विष इतके तीव्र असते की अंगाला लागलेले पाणी चाटल्यानेही कुत्रा दगावू शकतो.

घरी आल्यावर, किंवा गाडीत बसवण्यापूर्वीच, त्याचे अंग तपासा. गोचिडी कानांच्या पाळीत, गळपट्ट्याखाली, काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीच्या मुळाशी बसतात. बोटे केसांतून उलट्या दिशेने सावकाश फिरवली की त्या हाताला लागतात. बारीक चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ पकडून, न पिळता, सरळ ओढून काढा. तेल, रॉकेल किंवा पेटती काडी लावण्याने गोचीड चिडून आपली लाळ रक्तात अधिक सोडते आणि बाबेसिया, एर्लिकिया यांसारख्या, गोचिडीतून रक्तात शिरणाऱ्या रोगजंतूंचा धोका वाढतो. गोचिडी रोखणारी गोळी किंवा मानेवर टाकायचे थेंब पशुवैद्यांना विचारून वजनानुसार द्या. घरात मांजर असेल तर तेही सांगा, कारण कुत्र्यांसाठीच्या काही थेंबांतील परमेथ्रिन मांजरांना विषारी असते.

वाळलेल्या गवताचे कुसळ ही दिसायला किरकोळ पण फार त्रासदायक गोष्ट. त्याचे काटे एकाच दिशेने वळलेले असल्याने ते पुढेच सरकते, मागे येत नाही. कानात, नाकात किंवा बोटांच्या बेचक्यात शिरले की आत आत जाते. फेरीनंतर कुत्रा अचानक जोरात शिंकू लागला, डोके एका बाजूला कलते करून झटकू लागला किंवा एकच पंजा चाटत राहिला तर वाट पाहू नका, पशुवैद्यांकडे न्या. केसांना चिकटणाऱ्या गोखरूंनी मात्र एकदा जगाला काही दिले आहे: १९४१ मध्ये स्वित्झर्लंडमधील अभियंता जॉर्ज द मेस्त्राल आल्प्समधून कुत्र्यासह परतले, आणि त्याच्या केसांत अडकलेल्या बियांचे आकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांना वेल्क्रोची कल्पना सुचली.

सोबतच्या पिशवीत जाळीचे कापड, स्वतःलाच चिकटणारी पट्टी, चिमटा, जंतुनाशक, घडीचे भांडे आणि जखमी पंजावर चढवायला एक मोजा असावा. तुमच्या स्वतःच्या खाऊत मनुका, चॉकलेट किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेले काही असेल तर ते कुत्र्यापासून दूर ठेवा. तिन्ही त्याला विषारी आहेत. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसारख्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कधीही देऊ नका. साप चावल्याची शंका आली तर जखमेला चीर देणे, आवळून बांधणे, चोखणे यांतले काहीही न करता कुत्र्याला शक्यतो उचलून, कमीत कमी हालचाल होऊ देत, थेट दवाखान्यात न्या. जंगलात शिरण्यापूर्वी सर्वांत जवळचा, उघडा असणारा पशुवैद्यकीय दवाखाना कोणता हे पाहून त्याचा क्रमांक फोनमध्ये ठेवलेला असावा, कारण आत गेल्यावर नेटवर्क मिळेलच असे नाही.

कुत्रा निसटलाच तर त्याच्या मागे धावू नका. पाठलाग त्याला खेळ वाटतो किंवा भीती. जिथे ताटातूट झाली ती जागा लक्षात ठेवून तिथेच थांबा, शिट्टी द्या आणि गप्प राहून ऐका. बरेच कुत्रे आपल्याच मागावरून त्या जागी परततात. अंधार पडू लागला तर तुमचा वापरलेला शर्ट आणि पाणी तिथे ठेवून आसपासच्या लोकांना कळवा. ओळखीसाठी त्वचेखाली बसवतात त्या चिपमधील पंधरा अंकी क्रमांकासमोर तुमचा सध्याचा फोन नंबर नोंदलेला आहे ना, हे आजच तपासा; चिप बसवलेली असते, पण पत्ता जुना असतो, असे मला वारंवार आढळते. गळपट्ट्यावर नंबर कोरलेला बिल्लाही असू द्या.

तुमच्या कुत्र्यासाठी प्रत्यक्ष आखणी अशी करा. पहिले दोन आठवडे जंगलाच्या कडेच्या एकाच जागी, आठवड्यातून दोन-तीनदा, पाऊण तासाहून कमी. हाकेचा सराव या काळात घरात आणि अंगणातच, जंगलात नव्हे. तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक फेरीत चार-पाच हाका, त्याही तो फारसा गुंतलेला नसताना, आणि प्रत्येक वेळी ‘जा’ म्हणून परत पाठवणे. महिन्यानंतर मोज्याचा खेळ आणि एखादी नवी वाट. जेवण निघण्यापूर्वी भरपेट देऊ नका, विशेषतः खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो. परत आल्यावर धाप पूर्ण थांबली की तासाभराने द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठताना अंग ताठल्यासारखे वाटते का, एखादा पाय टेकायला कुरकुरतो का, हे पाहा. तसे असेल तर दोन दिवस घराजवळच फिरवा आणि पुढची जंगलफेरी तिच्या आधीच्या फेरीपेक्षा थोडी आखूड ठेवा; तो नेहमीसारखा टवटवीत असेल तर वेळ दहा मिनिटांनी वाढवायला हरकत नाही.